मुलांच्या मस्तक-तपासणीतील पहिले चित्र

(वैद्यकीय अधिकारी, क्ष-किरण तंत्रज्ञ आणि आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उन्हाळ्याची सुट्टी लागली की ग्रामीण भागातील रुग्णालयांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. कैऱ्या पाडण्यासाठी झाडावर चढलेला सात वर्षांचा मुलगा फांदी मोडून खाली येतो. डोक्याला टेंगूळ येते, दोन-तीन उलट्या होतात, मूल पेंगुळते. आईवडील त्याला घेऊन आधी गावच्या डॉक्टरांकडे, तेथून ग्रामीण रुग्णालयात आणि अखेर जिल्ह्याच्या ठिकाणी धाव घेतात. तेथे मस्तकाचा सी.टी. स्कॅन होतो. मेंदूत रक्तस्राव नाही, असा अहवाल हाती येताच सर्वांचा जीव भांड्यात पडतो. मूल मान मात्र ताठ धरून असते. पण ते घाबरले असेल, अशी सर्वांची समजूत होते. दोन दिवसांनी हातापायांना मुंग्या येऊ लागतात, तेव्हा कोणीतरी जुनी प्रतिमा पुन्हा काढून पाहतो. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील फट वाजवीपेक्षा रुंद असल्याचे त्या तपासणीच्या पहिल्याच चित्रात दिसत असते. त्या चित्राकडे कोणी पाहिलेले नसते, इतकेच.

हा प्रसंग उदाहरणादाखल योजलेला आहे. परंतु ज्या विषयाचा येथे विचार करावयाचा आहे, त्याचे सारे मर्म त्यात आले आहे. जे चित्र प्रत्येक तपासणीत काढले जाते, ज्यासाठी मुलाच्या शरीरावर किरण पडतात, ज्यासाठी वेगळा खर्च किंवा वेगळे यंत्र लागत नाही, तेच चित्र बहुधा कोणी वाचत नाही.

टेहळणीचे चित्र

सी.टी. स्कॅनमध्ये मेंदूचे छेद घेण्यापूर्वी एक किंवा दोन प्राथमिक प्रतिमा घेतल्या जातात. त्यांना कोणी ‘स्काऊट’ म्हणतात, कोणी ‘टोपोग्राम’ म्हणतात. यंत्र बनविणाऱ्या कंपनीनुसार नाव बदलते. मराठीत त्यांना टेहळणीची चित्रे म्हणता येईल. मुख्य तपासणीत क्ष-किरण नलिका रुग्णाच्या डोक्याभोवती फिरते. प्राथमिक प्रतिमेच्या वेळी मात्र नलिका एका जागी स्थिर राहते आणि रुग्णाला घेऊन शय्या सरकते. त्यातून समोरून किंवा बाजूने काढलेल्या साध्या क्ष-किरण छायाचित्रासारखे चित्र काही सेकंदांत तयार होते. त्यावर रेषा आखून छेद कोठून सुरू करावयाचे, कोठे थांबवावयाचे आणि ते किती तिरपे घ्यावयाचे हे तंत्रज्ञ ठरवितो. आधुनिक यंत्रे तर याच चित्रावरून रुग्णाच्या देहाचा अंदाज घेऊन किरणांचे प्रमाणही ठरवितात.

गडावर चढाई करण्यापूर्वी सरदाराने टेहळ्या पुढे पाठवावा, त्याने दाखविलेल्या वाटेने फौज न्यावी, पण वाटेवर त्याने आणखी काय पाहिले हे त्याला विचारूच नये, तसा प्रकार या चित्राच्या बाबतीत घडतो. छेदांच्या रेषा आखून झाल्या की त्याचे काम संपले असे समजले जाते. अहवाल लिहिणारा तज्ज्ञ शेकडो छेद बारकाईने पाहतो. पहिले चित्र मात्र पान उलटावे तसे मागे पडते.

ऐंशी ठिपक्यांपासून

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर पाऊणशे वर्षे वैद्यकाला मस्तकाची हाडे दिसत होती, पण मेंदू दिसत नव्हता. ती उणीव इंग्लंडमधील अभियंते गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनी भरून काढली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. त्या प्रतिमेत आडवे ऐंशी आणि उभे ऐंशी असे ठिपके होते, आणि त्या काळी एका फेरीला काही मिनिटे लागत. १९७९ साली हौन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

आज संपूर्ण मस्तकाचे छेद काही सेकंदांत घेतले जातात. वेगाबरोबर प्रतिमांची संख्या वाढली, आणि संख्या वाढल्यावर पहिल्या एकदोन चित्रांकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक झाले. पूर्वी प्रतिमा फिल्मवर छापल्या जात, तेव्हा कोपऱ्यातील चौकटीत टेहळणीचे चित्र डोळ्यांसमोर तरी असे. आता संगणकाच्या पडद्यावर ते वेगळ्या कप्प्यात असते. मुद्दाम उघडले तरच दिसते.

छेदांत न सापडणारी रेषा

काकडीच्या आडव्या चकत्या केल्या आणि काकडीला आडवीच चीर असली, तर ती चीर दोन चकत्यांच्या मध्ये हरवून जाते. उभी चीर मात्र प्रत्येक चकतीत दिसते. कवटीच्या अस्थिभंगाचेही तसेच आहे. भंगाची रेषा छेदांच्या पातळीला समांतर असेल, तर जाड छेदांत ती निसटू शकते. टाळूच्या वरच्या भागात, जेथे छेद हाडाला घासून गेल्यासारखे जातात, तेथे हा धोका अधिक असतो. बाजूने घेतलेल्या टेहळणीच्या चित्रात मात्र अशी रेषा काळ्या दोऱ्यासारखी स्पष्ट उमटू शकते. बारीक छेद घेऊन त्यांपासून निरनिराळ्या दिशांनी प्रतिमा उभारण्याची सोय आता उपलब्ध आहे आणि तिने ही अडचण बरीच कमी केली आहे. तथापि तशा प्रतिमा प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक वेळी, मध्यरात्रीच्या पाळीतही उभारल्या जातातच असे नाही.

मुलांच्या कवटीत आणखी एक गुंता असतो. मोठ्या माणसाच्या कवटीची हाडे एकमेकांत घट्ट बसलेली असतात. बालकाची हाडे शिवणींनी जोडलेली असतात आणि त्या शिवणी मोकळ्या असतात. पुढची टाळू सामान्यतः एक ते दीड वर्षाच्या सुमारास भरते. त्यामुळे अस्थिभंग म्हणून शिवणीकडे बोट दाखविले जाते, तर कधी शिवण समजून अस्थिभंग सोडून दिला जातो. शिवण बहुधा नागमोडी, दातेरी आणि दोन्ही बाजूंना सारखी असते; भंगाची रेषा सरळ, धारदार आणि एकाच बाजूला असते. संपूर्ण कवटी एका दृष्टिक्षेपात दाखविणारे चित्र समोर असेल, तर हा निवाडा करणे सोपे जाते.

तान्ह्या बालकाच्या कवटीवर अनेक ठिकाणी भंगाच्या रेषा दिसल्या आणि घरचे लोक सांगत असलेली हकीकत त्यांच्याशी जुळत नसली, तर वैद्याने तेथे थांबून विचार केला पाहिजे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ साली मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठलेल्या बालकांच्या हातापायांच्या हाडांतही भंग असल्याचे दाखवून दिले, आणि पुढे मुलांना होणाऱ्या मारहाणीकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. अशा वेळी कोणावर घाईने आळ घेऊ नये; पण बोलू न शकणाऱ्या बालकाची साक्ष पहिल्या चित्रात उमटली असेल, तर ती वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.

छेदांच्या पलीकडे

मेंदूचे छेद कवटीच्या तळापासून टाळूपर्यंत घेतले जातात. टेहळणीच्या चित्रात मात्र जबडा, दात, नाकामागची पोकळी, घसा आणि मानेचे वरचे मणके हेही बहुधा येतात. म्हणजे छेदांनी ज्या प्रदेशात पाऊलच टाकलेले नाही, तो या चित्रात दिसतो.

लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, तर मानेचे स्नायू दुबळे असतात. म्हणून आठ वर्षांखालील मुलांत मानेची इजा बहुधा वरच्या मणक्यांत होते, आणि हेच मणके बाजूच्या चित्रात दिसतात. येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. या वयात दुसरा मणका तिसऱ्यावर किंचित पुढे सरकल्यासारखा दिसणे हे अनेकदा निरोगी मुलांतही आढळते. म्हणून चित्रात दिसले की लगेच निदान करावे असा याचा अर्थ नव्हे. दिसलेल्या गोष्टीची नोंद करावी, मुलाची मान प्रत्यक्ष तपासावी आणि शंका राहिल्यास मान स्थिर ठेवून पुढील तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ.

घशात अडकलेले नाणे, वाढलेल्या ग्रंथींमुळे अरुंद झालेला नाकामागचा मार्ग, श्वासनलिकेत घातलेल्या नळीची जागा याही गोष्टी या चित्रात लक्षात येऊ शकतात. थॅलेसेमियाच्या काही रुग्णांत कवटीचे हाड जाड होऊन त्यावर केस उभे राहावेत तशा रेषा दिसतात. काही आजारांत हाडाला कुरतडल्यासारखी भोके पडतात. मेंदूतील दाब दीर्घकाळ वाढलेला असेल, तर शिवणी फाकतात आणि कवटीच्या आतील बाजूस ठोक्याच्या तांब्याच्या भांड्यासारखे खळगे दिसू लागतात. उंची खुंटलेल्या आणि दृष्टी मंदावलेल्या मुलाच्या चित्रात पीयूष ग्रंथीची हाडातील बैठक रुंदावलेली दिसली, किंवा तिच्यावर चुन्यासारखे ठिपके आढळले, तर त्या जागचे छेद अधिक काळजीने पाहण्याचा तो इशाराच असतो.

नळीची कथा

आपल्या देशात क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहामुळे अनेक मुलांच्या मेंदूत पाणी साठते. इतर काही मुलांत हा दोष जन्मतःच असतो. अशा मुलांच्या मेंदूतील पाणी पोटात वाहून नेण्यासाठी कातडीखालून एक बारीक नळी बसविली जाते. मूल वाढत जाते, नळी मात्र वाढत नाही. ती ताणली जाते, कधी सांध्यातून निखळते, कधी तुटते. मग मुलाचे डोके दुखू लागते, उलट्या होतात, ते अभ्यासात मागे पडते. सी.टी.च्या छेदांत मेंदूतील पोकळ्यांचा आकार कळतो. नळी मानेपाशी तुटली आहे हे मात्र छेदांत दिसत नाही, कारण छेद तेथवर जातच नाहीत. टेहळणीच्या चित्रात नळीचा डोक्यातील आणि मानेतील मार्ग दिसतो. मागच्या वर्षीचे चित्र शेजारी ठेवून पाहिले, तर फरक चटकन उमगतो. म्हणून अशा मुलांच्या आईवडिलांनी जुन्या तपासण्यांच्या सर्व प्रतिमा जपून ठेवाव्यात आणि प्रत्येक वेळी बरोबर आणाव्यात.

किरणांचा हिशेब

क्ष-किरण उपकारक आहेत. पण ते फुकट मिळत नाहीत. वाढत्या वयातील पेशींवर त्यांचा परिणाम अधिक होतो आणि तो प्रकट होण्यास मुलापुढे उभे आयुष्य पडलेले असते. ब्रिटनमध्ये १९८५ ते २००२ या काळात बालपणी किंवा तरुणपणी सी.टी. तपासणी झालेल्या सुमारे पावणेदोन लाख व्यक्तींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांखालील १०,००० मुलांच्या मस्तकाची तपासणी केल्यास पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा सुमारे एक आणि मेंदूतील गाठीचा सुमारे एक रुग्ण अधिक आढळेल, असा त्यातील अंदाज होता. हा धोका लहान आहे. ज्या मुलाला तपासणीची खरी गरज आहे, त्याने या भीतीने ती टाळू नये. पण ज्याला गरज नाही, त्याच्यावर ती लादूही नये.

गरज कोणाला, हे ठरविण्यासही आता आधार आहे. उत्तर अमेरिकेतील २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. मुलाची शुद्ध ठीक आहे काय, कवटीच्या भंगाची लक्षणे आहेत काय, मूल बेशुद्ध पडले होते काय, उलट्या किंवा तीव्र डोकेदुखी आहे काय, मार किती जोराचा होता, तान्हे मूल आईला नेहमीसारखे वाटते काय, असे साधे प्रश्न विचारून अनेक मुलांना या तपासणीतून सुरक्षितपणे वगळता येते, असे तीत दिसून आले. त्या प्रश्नांत आईच्या मताला स्थान आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

टेहळणीच्या चित्राला लागणारे किरण मुख्य तपासणीच्या मानाने फार थोडे असतात. तरीही त्यात काटकसर करता येते. एका चित्रावर भागत असेल तर दुसरे घेऊ नये. चित्राचा विस्तार गरजेपुरता ठेवावा; डोक्याची तपासणी असताना छातीपर्यंत शय्या सरकवू नये. नलिका खालच्या बाजूस ठेवून चित्र घेतल्यास डोळ्यांवर आणि गळ्यातील ग्रंथीवर पडणारे किरण कमी होतात. मूल यंत्राच्या नेमक्या मध्यभागी असले पाहिजे. ते नलिकेच्या जवळ सरकलेले असेल तर चित्रात मोठे दिसते, आणि यंत्र त्याला मोठ्या देहाचे समजून पुढील छेदांसाठी अधिक किरण सोडू शकते. म्हणजे पहिल्या चित्रात झालेली चूक शेवटच्या छेदापर्यंत सोबत करते.

याच चित्रात आणखी एक गोष्ट वेळेवर कळते. कानातील बाळी किंवा डूल, केसांतील पिना, गळ्यातील ताईत, चांदीत मढविलेले वाघनख हे सारे प्रेमाने घातलेले असते. पण डोक्याच्या छेदांच्या वाटेत धातू आला की प्रतिमांवर किरणांचे फराटे उठतात आणि तपासणी पुन्हा करण्याची पाळी येते. टेहळणीच्या चित्रात तो धातू दिसताच तंत्रज्ञाने तेथेच थांबावे, तो काढावा आणि मगच पुढे जावे. एका पिनेपायी मुलाच्या मस्तकावर दुप्पट किरण पडू नयेत.

किरणांच्या सुरक्षित वापरावर देखरेख ठेवण्यासाठी भारतात १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईतच आहे. नियम मंडळ करते, परंतु ते पाळले जातात त्या खोलीत, जेथे एक तंत्रज्ञ आणि एक रडणारे मूल समोरासमोर असतात.

मर्यादांचे भान

या चित्राची थोरवी सांगताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. साध्या क्ष-किरण छायाचित्राइतका बारकावा त्यात नसतो. म्हणून त्यात अस्थिभंग दिसला नाही, तर तो नाहीच असे म्हणता येत नाही. त्यात काही दिसले, तर त्याची दुसऱ्या तपासणीने खात्री करून घ्यावी लागते. आणि जास्त प्रदेश पाहावयास मिळावा म्हणून मुद्दाम मोठे चित्र काढणे हे तर सर्वथा चुकीचे होय. सांगावयाचे ते इतकेच, की जे चित्र काढलेच आहे ते वाचावे.

वाचण्याची रीत अवघड नाही. आखलेल्या रेषा पडद्यावरून दूर कराव्यात, कारण त्यांच्याखाली बारीक भंग झाकले जातात. चित्राचा उजेड कमी-अधिक करून पाहावे. मग ठरावीक क्रमाने नजर फिरवावी : प्रथम कवटीचा घुमट, मग शिवणी, पीयूष ग्रंथीची बैठक, चेहरा व जबडा, श्वासमार्ग, मानेचे मणके आणि शेवटी नळ्या व परक्या वस्तू. छेद टाळूपर्यंत पुरते घेतले आहेत काय, हेही आखलेल्या रेषांवरून ताडून घ्यावे. या साऱ्याला एक मिनिटही लागत नाही. अहवालाच्या अखेरीस ‘प्राथमिक प्रतिमा पाहिल्या’ अशी एक ओळ लिहिण्याची सवय लावून घेतली, तर ती ओळच पाहण्याची आठवण करून देईल.

आज अनेक ठिकाणी यंत्र एका गावी आणि अहवाल लिहिणारा तज्ज्ञ दुसऱ्या शहरी असतो. प्रतिमा तारांवरून जातात. अशा वेळी केवळ छेद पाठवून टेहळणीचे चित्र मागे ठेवले, तर दूरच्या तज्ज्ञाचा एक डोळाच बांधल्यासारखे होते. ते चित्र पाठविणे आणि मूल कसे पडले, कोठे लागले, मान दुखते काय ही माहिती दोन ओळींत कळविणे, ही दोन्ही कामे तंत्रज्ञ आणि वैद्यकीय अधिकारी यांच्या हातची आहेत.

पालकांचा वाटा

मूल हालले की चित्र बिघडते आणि पुन्हा घ्यावे लागते. तान्ह्या बाळाला पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपविले, तर पुष्कळदा औषधाविना तपासणी उरकते. मात्र गुंगीचे औषध द्यावयाचे ठरले असेल, तर पाजण्याविषयी डॉक्टरांची सूचना काटेकोर पाळावी. मोठ्या मुलाला काय होणार हे आधी समजावून सांगावे. आईला जवळ थांबावयाचे असेल तर तिला शिशाचा अंगरखा द्यावा. ती गर्भवती असेल तर दुसऱ्या कोणी थांबावे. दागिने आणि ताईत घरीच काढून ठेवावेत. मूल पूर्वी कोठे तपासले गेले, त्याला कधी नळी बसविली काय, हे न विचारताही सांगावे.

आरंभीच्या प्रसंगातील त्या मुलाकडे शेवटी पुन्हा वळले पाहिजे. त्याची तपासणी झाली होती, यंत्र चांगले होते, तज्ज्ञही जाणता होता. उणीव होती ती एका नजरेची. नवी यंत्रे येतील, त्यांचा वेग वाढेल, प्रतिमा अधिक रेखीव होतील. पण पाहण्याचे काम माणसालाच करावे लागेल. टेहळ्या परत आला आहे, तो दाराशी उभा आहे. त्याला आत बोलावून एक प्रश्न विचारावा, एवढीच या व्याख्यानाची विनंती आहे. एखाद्या आईचे मूल त्या एका प्रश्नामुळे पुन्हा झाडाखाली खेळताना दिसेल.